खानापूरच्या पावसात टिकणारं पॅनेलचं छोटं घर: ऑर्डर देण्याआधी काय ठरवायचं

कारखान्यात तयार झालेल्या पॅनेलचं छोटं घर बांधायचं म्हणून माझ्याकडे येणारा माणूस आधी चौरस फुटाचा दर विचारतो. मी त्याला विचारते, जागा कुठली? कणकुंबी-जांबोटीकडची, की अथणी-रायबागकडची? आपल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात चोर्ला घाटाच्या तोंडाशी पावसाळाभर कपडे वाळत नाहीत, आणि पूर्वेला ढगाकडे बघत पेरणी थांबते. भिंतीचं पॅनेल दोन्हीकडे तेच जातं. जोतं, वळचण, पडवी आणि अर्थिंग मात्र जागेप्रमाणे बदलतं, आणि नेमकं तेवढंच कोटेशनमध्ये नसतं. घर टिकतं ते त्याच्यावर.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशन शेडबरोबर काम करते आणि साइटवर स्वतः उभी राहते. खाली लिहिलंय ते दोन खोल्यांच्या, तीनशे चौरस फुटांच्या आतल्या घरासाठी आहे. मजला चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय पाऊल टाकू नका.

डबा, पॅनेल की फ्रेम

तयार घर तीन तऱ्हेनं येतं. पूर्ण डबा क्रेननं आणून ठेवायचा, सुटी सँडविच पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम किंवा रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर) जागेवर जोडायची, किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची हलकी फ्रेम उभी करून तिला दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड मारायचे. डबा सगळ्यात झटपट होतो, पण गाडीची रुंदी २.६ मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून खोली आठ फुटांपेक्षा रुंद मिळत नाही. शिवाय आपल्या गावातल्या बोळातून ट्रेलर आणि हायड्रा क्रेन नेऊन दाखवा! वरती विजेच्या तारा, कोपऱ्यावर कुणाचा तरी कट्टा. हायवेला लागून मोकळं शेत असेल तरच डबा घ्या. बाकी सगळ्यांनी सुट्या मालाचं घर करावं. छोट्या टेम्पोतून येतं, आणि तीन मीटर उंचीचं पॅनेल दोन माणसं हातानं उचलतात.

ज्यांना हे शेडचं काम वाटतं त्यांना सांगते. १ जानेवारी २०२१ ला केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ अशी सहा शहरं, प्रत्येक ठिकाणी हजाराच्या आसपास घरं आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं तंत्र. इंदूरला सँडविच पॅनेल वापरलं, आगरतळ्याला हलकी पोलादी फ्रेम. भूकंपाच्या सगळ्यात कडक पट्ट्यात असलेल्या आगरतळ्यात जे चालतं ते आपल्याकडे न चालायला काही कारण नाही.

मापं चारच्या पटीत

सिमेंट बोर्ड चार बाय आठ फुटांचा येतो. फ्रेमचे उभे खांब दोन फुटांवर ठेवले की बोर्डाची कड बरोबर खांबावर येते. म्हणून घराची लांबी-रुंदी चारच्या पटीत धरा: १२ बाय २०, १२ बाय २४. वास्तूच्या हिशेबासाठी कुणी ११ बाय २३ करायला सांगितलं तर प्रत्येक ओळीत बोर्ड कापावा लागतो, आणि कापलेला तुकडा कशालाच येत नाही. पफ (आत फोम असलेलं) पॅनेल घेणार असाल तर ते बहुतेक एक मीटर रुंदीचं असतं, तिथं मापं मीटरमध्ये धरा.

आपली जुनी घरं खणांवर मोजलेली असायची. भाऊ वाढले की एक खण पुढे जोडायचा, जुन्याला हात न लावता. तीच सोय इथं ठेवा. ज्या बाजूला पुढे खोली वाढेल त्या भिंतीत आत्ताच दाराच्या मापाची चौकट फ्रेममध्ये बसवून वर बोर्ड मारून घ्या, आणि त्या बाजूला न्हाणी किंवा सेप्टिक टँक ठेवू नका.

पर्यावरणाचं म्हणाल तर पोलाद भंगारात जाऊन पुन्हा पोलाद होतं, आतला फोम तसा होत नाही. म्हणून सांधे स्क्रूचे ठेवा, वेल्डिंगचे नकोत. स्क्रूचं घर खोलून दुसऱ्या जागी उभं करता येतं. आणि जुनं घर पाडून त्याच जागी बांधणार असाल तर चिरे, कौलं, सागवानी दारं विकून टाकू नका. चिरे जोत्याला लागतील, कौलं पडवीला. जुन्या दाराचं माप ऑर्डरच्या आधी कारखान्याला द्या, फ्रेममध्ये तेवढं भोक सोडून मिळतं.

जोतं: इथं पैसा वाचवू नका

एक हिशेब डोक्यात ठेवा. ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल चौरस मीटरला साधारण १० किलो भरतं. नऊ इंची विटांची भिंत ४०० किलोच्या वर. म्हणजे विटांचं घर स्वतःच्या वजनानं बसतं आणि पॅनेलचं घर बोल्टांनी. वळवाच्या वाऱ्यात छपराखाली हवा शिरली की ती घर वर उचलायला बघते. अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये ओतलेलेच हवेत. स्लॅब झाल्यावर भोक पाडून ठोकलेले फास्टनर चारही कोपऱ्यांवर मला चालत नाहीत.

खानापूरकडच्या तांबड्या जमिनीत काम सोपं आहे. कडक थर लागेपर्यंत खणायचं, चिऱ्याचं दोन-अडीच फूट जोतं, आत मुरूम, वर काँक्रीट. वाळवीचं औषध मुरूम भरतानाच मारून घ्या. लोखंडाला वाळवी लागत नाही, पण ती जोत्याच्या फटीतून चढून दाराची चौकट आणि कपाट खाते.

बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी जमीन वेगळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. हलकं घर तर ती सहज हलवते. काळी माती घराच्या चारही बाजूंना तीन फूट जास्त धरून काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारत धुमसून भरा. थर खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचं (खाली फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांचं) डिझाइन करून घ्या. दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, मलप्रभेच्या काठाला असाल तर जोत्याची उंची शेजाऱ्याला विचारून ठरवा. २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते गावात सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या वर जाता येत नसेल तर जागा बदला. पाण्यात बुडालेला रॉकवूल वाळत नाही.

आता गवंड्याला समजावून सांगायची गोष्ट. आपला गवंडी जोत्याचा माथा सपाट करतो आणि भिंत कडेपासून आत घेतो. विटांच्या घराला ते चालतं. पॅनेलच्या घराला तसं केलं तर भिंतीवरून ओघळलेलं पाणी माथ्यावर थांबतं आणि खालच्या पट्टीखालून आत शिरतं. म्हणून माथ्याच्या बाहेरच्या कडेला सगळीकडून एक इंच खोल खाच सोडायची. पॅनेलचा बाहेरचा पत्रा त्या खाचेत काँक्रीटच्या माथ्याखाली उतरला पाहिजे, म्हणजे पाणी बाहेरच गळतं. लोखंडी पट्टी आणि काँक्रीट यांच्यामध्ये डांबरी पट्टी घाला. ही खाच ओतकामाच्या वेळी लाकडी पट्टी लावूनच होते, नंतर छिन्नीनं करायला गेलं तर कड फुटते.

काँक्रीट ओतायच्या आधी कर्ण मोजा. १२ बाय २४ ला दोन्ही कर्ण २६ फूट १० इंच आले पाहिजेत. दोन्हींत दोन सुतांपेक्षा (पाव इंचापेक्षा) जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. विटांच्या कामात गिलावा फरक झाकतो, इथं शेवटच्या पॅनेलला बोटभर फट राहते. आमचे एक गवंडीमामा आधी म्हणायचे, “ताई, सुतात कशाला मोजताय, इंचात बघूया की.” आता लेव्हल पाइप तेच आधी मागतात.

छप्पर आणि वळचण

जिल्ह्याच्या पश्चिमेकडे छपराला तीन फुटाला एक फूट उतार द्या आणि वळचण चारही बाजूंनी तीन फूट बाहेर काढा. कारखानेवाले एक फूट दाखवतात. वाऱ्याचा पाऊस आडवा येतो, एका फुटानं खिडकीची खालची चौकटसुद्धा वाचत नाही. वळचण मोठी केली की वारा तिला धरतो, म्हणून खालून तिरके टेकू आणि कडेला जास्त स्क्रू, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही. रबरी वॉशर थोडा फुगेपर्यंतच आवळायचा. पार चेपला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो. आणि संध्याकाळी काम सुटायच्या आत छपरावरचा ड्रिलचा किस मऊ झाडूनं काढायचा. रात्रीच्या दवात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके उमटतात.

जंगलाच्या बाजूला मी पन्हळ लावत नाही. पाल्यानं तुंबते आणि पाणी उलटं भिंतीकडे येतं. त्यापेक्षा पागोळ्या सरळ खाली चिऱ्याच्या गटारात पडू द्या. अथणीकडे मात्र पन्हळ लावाच. १२ बाय २४ च्या घराचं छप्पर वळचणीसकट ५० चौरस मीटर होतं, म्हणजे २० मिलिमीटर पावसात हजार लिटर पाणी. पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, पुढचं टाकीत घ्यायचं. वानरांचा त्रास असलेल्या गावात कौलं फक्त पडवीवर ठेवा.

चूल, न्हाणी, हवा

जांबोटीकडच्या एका आज्जीनं नकाशा उघडायच्या आधीच मला अडवलं, “पोरी, पत्र्याच्या डब्यात माणूस र्‍हातंय व्हय?” नातवाला घर हवं होतं, आज्जीला चूल. दोघांचंही बरोबर होतं. पफचा फोम पेटला की विषारी धूर होतो, त्यामुळे लाकडाची चूल आणि न्हाणीचं पाणी तापवायची चूल पॅनेलच्या घरात चालणारच नाही. मागच्या बाजूला चिऱ्याच्या अर्ध्या भिंतीची, जुन्या कौलांची पडवी काढली. चूल तिथं, बंब तिथं, पावसाळ्यात लाकडं आणि कपडेही तिथंच. आज्जी दिवसभर पडवीत असते. पडवी घराच्या फ्रेमला बांधू नका, तिचे खांब वेगळे ठेवा.

आतल्या स्वयंपाकघरात गॅसच्या मागची भिंत रॉकवूलची घ्या, तो पेटत नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून भिंतीत जमिनीलगत जाळीची खिडकी ठेवा.

पॅनेल ऊन बाहेर ठेवतं, पण आतली वाफही आतच धरून ठेवतं. आषाढात बंद घरात चादरीला बुरशी येते. समोरासमोर खिडक्या आणि वळचणीखाली जाळीचे झरोके, यांच्यावर तडजोड नको. न्हाणीत एक्झॉस्ट फॅन आणि सिमेंट बोर्ड. जिप्सम बोर्ड खानापूर तालुक्यात वापरूच नये असं माझं ठाम मत आहे.

माल उतरताना

एका पुरवठादारानं ०.५ मिलिमीटरच्या बिलावर ०.३५ चा पत्रा पाठवला होता. दिसायला सारखाच. आपल्याकडे मायक्रोमीटर शोधायला लांब जावं लागत नाही, उद्यमबागेत प्रत्येक मशीन शॉपमध्ये आहे. कुणाचा तरी मागून आणा आणि टेम्पो रिकामा करायच्या आधी चार पॅनेलचा पत्रा कडेला मोजा. रंगाची जाडी धरून की सोडून, हे ऑर्डरमध्ये लिहिलेलं असावं. फ्रेमच्या पत्र्यावर जस्त चौरस मीटरला २७५ ग्रॅम असल्याचं मिलचं सर्टिफिकेट मागा.

लोखंडाच्या घरात विजेचं काम स्वस्तात करू नका. फ्रेमला दोन ठिकाणी अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच. बोर्ड बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पुढे खिळा मारताना उपयोगी पडतो.

कागदांचं थोडक्यात: गावठाणातल्या जागेला पंचायतीचा ई-स्वत्तूचा, म्हणजे मालमत्ता नोंदीचा, उतारा, शेतात बांधायचं तर आधी तलाठ्याकडे पहाणी (जमिनीचा उतारा) दाखवून काय चालतं ते विचारा. कागद कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून ओळ न ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कर्ज काढणार असाल तर बँक पॅनेलच्या घराला देते का, हे आगाऊ रक्कम द्यायच्या आधी विचारा.

जोतं दिवाळीनंतर धरा, क्युरिंग पूर्ण होऊ द्या. पॅनेल फेब्रुवारी-मार्चमध्ये चढवा, म्हणजे वळवाच्या पहिल्या पावसात गळती दिसते आणि मृगाच्या आत दुरुस्ती होते. त्या पावसात कामगारांना साइटवर बोलवा, शेवटचा हप्ता तोवर देऊ नका. चावी घेताना दोन जादा पॅनेल, वॉशरसकट स्क्रूचं एक पाकीट आणि रंगाचा कोड लिहिलेला कागद मागून घ्या. त्याच रंगाचा पत्रा पाच वर्षांनी मिळेलच असं नाही.