स्पॉटिंग एररची माझी वही

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यात आल्यावर दिलेल्या पहिल्याच मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, स्पॉटिंग एररचे (इंग्रजी वाक्यातली चूक ओळखायचे) पाचपैकी चार प्रश्न चुकले. नियम येत नव्हते असं नाही. मराठी माध्यमात शिकले असले तरी टेन्सचे तक्ते तोंडपाठ होते. पण वाक्य वाचलं की ते बरोबरच वाटायचं. अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताईने माझा पेपर बघितला. ती म्हणाली, "अगं, डोळे इंग्रजी वाचतायत, पण कानाला मराठी ऐकू येतंय. चुकलेल्या प्रत्येक वाक्याखाली त्याचं मराठी लिहून बघ."

पहिलं वाक्य होतं, 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स.' खाली लिहिलं, 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतेय.' चूक कुठून आली ते लगेच दिसलं. 'राहतेय' म्हणून 'ॲम लिव्हिंग', 'पासून' म्हणून 'सिन्स'. मराठी वाक्यात काहीच खोट नाही, म्हणून इंग्रजीही खटकलं नव्हतं. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आणि आपल्या एका 'पासून'साठी तिथे दोन शब्द आहेत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स मंडे, सिन्स २०१९. किती काळ ते सांगायचं तर फॉर फाइव्ह इयर्स.

त्या दिवसापासून वही सुरू केली. चुकलेलं वाक्य, दुरुस्त वाक्य आणि चुकायला लावणारं मराठी. दोनेक महिन्यांत लक्षात आलं की त्याच त्या जागा परत परत येतायत. 'विषयी चर्चा केली' म्हणून 'डिस्कस्ड अबाउट'. खरं तर डिस्कसला अबाउट लागतच नाही. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'मॅरिड विथ', हवं 'मॅरिड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणून 'सीनियर दॅन मी', तिथेही टूच. 'जरी… तरी' म्हणून ऑल्दोच्या पाठोपाठ बट. आणि मला सगळ्यात जास्त दिवस छळलेली जागा म्हणजे 'जोपर्यंत'. आपण म्हणतो, 'जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत इथेच थांब.' ते 'नाही' मराठीत लागतंच. इंग्रजीत 'अनटिल द रेन स्टॉप्स' एवढ्यात काम होतं. 'अनटिल द रेन डझ नॉट स्टॉप' लिहिलं की चूक. अनलेसचंही तसंच, नकार त्या शब्दातच असतो.

कर्ता आणि क्रियापदाच्या जोडीवर हमखास प्रश्न येतो, म्हणून इथे थोडं थांबते. 'उमेदवारांची यादी लागली आहे' या वाक्यात 'यादी' हा मुख्य शब्द क्रियापदाला चिकटून आहे, त्यामुळे आपण कधी गोंधळत नाही. इंग्रजीत क्रम उलटतो. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कॅन्डिडेट्स' म्हटलं की क्रियापदाच्या शेजारी 'कॅन्डिडेट्स' येऊन बसतं आणि हात आपोआप 'हॅव'कडे जातो. पेपर काढणारे मुद्दाम या दोघांमध्ये आणखी पाच-सहा शब्द घालतात. म्हणून मी वाक्य सुरुवातीपासून वाचत नाही. आधी क्रियापद शोधते, मग 'हे कोणाचं?' असं विचारत मागे जाते. लिस्ट एकच आहे, म्हणून हॅज. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये दोन्ही गोष्टी सांभाळायच्या. मराठीत 'माझा एक मित्र' एकवचनी, म्हणून फ्रेंडचा एस गळतो; आणि एस लावला की पुढे 'आर' लिहिलं जातं. बरोबर वाक्य 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज'.

आर्टिकल मराठीत नाहीतच, त्यामुळे त्यांची भीती वाटणं साहजिक आहे. पण अ की ॲन ठरवताना देवनागरी फार उपयोगी पडते, हे मला कुठल्याच क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. पुढचा शब्द जसा उच्चारतो तसा देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून अ युनिव्हर्सिटी. अवरमधला एच बोलतच नाही, म्हणून ॲन अवर. ॲन एमएलए, अ युरोपियन, अ वन-रुपी कॉइन. इंग्रजी स्पेलिंगकडे बघाल तर इथे नक्की फसाल. 'द' कुठे लागतो हे मात्र असं एका युक्तीने सुटत नाही, त्यासाठी वाचनच लागतं.

कानाला बरं वाटेल ते बरोबर, हा सल्ला नव्याने तयारी करणाऱ्यांनी ऐकू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या आजूबाजूला 'रिटर्न बॅक', 'मोर बेटर', 'कोप अप विथ' इतक्यांदा बोललं जातं की कान त्यांनाच सरावतो. रिटर्नमध्ये बॅक आलंच, बेटरमध्ये मोर आलंच, आणि कोपला अप लागत नाही.

वेळेचं गणित कडक आहे. आयबीपीएस या संस्थेच्या बँक पीओ (बँक अधिकारी) परीक्षेच्या प्रिलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, त्यातच उतारेही. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना, आणि प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो. मी एका वाक्याला साधारण वीस सेकंद द्यायचे. क्रियापद आणि कर्ता, काळ, प्रीपोझिशन, आर्टिकल, मग एकवचन-अनेकवचन, याच क्रमाने. पाचही जागा नीट असतील तर 'नो एरर'वर खूण करून पुढे. सुरुवातीला तो पर्याय निवडायचं धाडस होत नव्हतं. चूक असलीच पाहिजे या समजुतीने चांगल्या वाक्यात चूक शोधत बसायचे आणि तिथेच गुण जायचे. मग वहीच्या मागच्या पानांवर अशी निर्दोष वाक्यंही उतरवायला लागले, मी त्यांत कुठल्या शब्दावर शंका घेतली होती तो अधोरेखित करून. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळा तीच पानं वाचली.