टायर बदलल्यावर हवेचा दिवा लुकलुकत राहिला : माझा अनुभव

चारही टायर नवे टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू केली की डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकायचा, मग तसाच पेटून राहायचा.

नाशिकला मुंबई नाक्याजवळ दोनदा हवा तपासली, स्क्रीनवरून रीसेट मारला, बॅटरीची वायर काढून लावली. आठवडा वाया.

मग मॅन्युअल वाचलं. सरळ पेटलेला दिवा म्हणजे हवा कमी. आधी लुकलुकून मग पेटलेला म्हणजे चाकाच्या आत व्हॉल्व्हला जोडलेला, हवेचा दाब गाडीला रेडिओने कळवणारा सेन्सर बोलतच नाही!

अंबडला एकाकडे हे सेन्सर वाचणारा स्कॅनर होता. त्याने तो प्रत्येक व्हॉल्व्हजवळ धरला. तीन चाकांनी दाब दाखवला, मागचं डावं गप्प. टायर उतरवला तर सेन्सरच्या काळ्या डबीला आडवी चीर. जुना टायर रिमवरून सोडवताना मशीनचा दाब नेमका व्हॉल्व्हपाशी पडला होता.

पुढचा क्रम असा: जुन्याच फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे माझ्या गाडीला ४३३ मेगाहर्ट्झचा, सेन्सर घेतला. मेलेल्या सेन्सरचा आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, गाडीच्या कॉम्प्युटरमधून वाचून नव्यात उतरवला (हे दुकानदाराला येतं का, ते आधीच विचारा). नवं वायसर, नवा नट, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) बेताने आवळला. चाक बॅलन्स केलं. सकाळी थंड टायरमध्ये दाराच्या स्टिकरवरची ३३ पीएसआय भरली, मग रीसेट. द्वारकेहून ओझरच्या दिशेने निघालो. आडगावच्या आधीच दिवा विझला.

टायर काढताना व्हॉल्व्हकडची बाजू सोडून दाबायला सांगा, आणि तिथेच उभे राहा.