सर्व्होचा सुरक्षा इंटरलॉक : वायरिंग करताना या चुका टाळा

ऊस तुटून रान मोकळे झाले की सांगली-मिरज परिसरातली आम्ही काही हौशी मंडळी रविवारी सकाळी रिमोटवरची विमाने घेऊन जमतो. नवीन मुलगा मॉडेल घेऊन आला की मी त्याच्या रंगरूपाआधी झाकण उघडून आतले वायरिंग पाहतो, आणि कित्येक वर्षे मला तेथे त्याच त्या चुका दिसतात. सुरक्षेसाठी बसवलेला स्विचच विमान पाडतो, कारण हा स्विच बिघडला तर काय होईल, हे बसवणाऱ्याने ठरवलेलेच नसते. मोटरच्या वाटेवरचा इंटरलॉक, म्हणजे काही चुकून चालू होऊ नये म्हणून मध्ये घातलेला अडसर, बिघडला तर मोटर बंद पडली पाहिजे. सर्व्होच्या, म्हणजे पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या वळवणाऱ्या छोट्या यंत्रांच्या, वाटेवरचा बिघडला तर सर्व्हो चालूच राहिले पाहिजेत. मोटर बंद पडलेले विमान तरंगत उतरवता येते, सर्व्हो बंद पडलेले विमान कोणालाही उतरवता येत नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सर्व्होच्या पुरवठ्यात टाकलेला स्वस्त सरकता स्विच. दोन हंगामांपूर्वी डिप्लोमाला असलेला एक मुलगा दीड मीटर पंखांचे, इंधनावर चालणाऱ्या ग्लो इंजिनाचे विमान घेऊन आला होता. टेबलावर काम करताना सर्व्हो चुकून हलू नयेत म्हणून त्याने बॅटरी आणि रिसीव्हर (रिमोटचे आदेश घेऊन सर्व्होंना देणारे यंत्र) यांच्या मध्ये खेळण्यात असतो तसला स्विच बसवला होता. मी तो काढायला सांगितला. त्यावर "सर, घरी दहा वेळा तपासलाय" असे तो म्हणाला, आणि मी पुढे आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही आहे. तिसऱ्या फेरीत विमान डावीकडे वळले ते सरळ झालेच नाही आणि शेजारच्या न तुटलेल्या उसात घुसले. पाचटाने हात कापून घेत आम्ही ते दीड तास शोधले. त्या स्विचची पितळी पट्टी उघडून पाहिली, तर टेकण्याच्या जागी मोहरीएवढा काळा डाग होता. इंजिनाच्या कंपनाने पट्टी घासत राहते आणि तिचा विरोध वाढतो. त्यातच वळणावर चार सर्व्हो एकदम जोर लावतात, आणि अडलेला एक साधा सर्व्होही एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. अशा वेळी व्होल्टेज त्या डागावरच पडते, आणि बरेच रिसीव्हर साधारण ३.५ व्होल्टच्या खाली गेले की बंद होतात. टेबलावर कंपन नसते आणि पंखांवर हवेचा दाबही नसतो, म्हणून घरच्या दहा तपासण्यांत हे दिसत नाही.

माझ्या मॉडेलमध्ये मी बॅटरीचा प्लग थेट रिसीव्हरला जोडतो आणि काम करताना तो उपसून ठेवतो. स्विच हवाच असेल, तर ज्याची नियंत्रणाची तार तुटली तरी पुरवठा चालू राहतो असा इलेक्ट्रॉनिक स्विच घ्यावा. तो महाग वाटतो असे सांगणारी मुले इंजिनावर मात्र हजारो रुपये खर्च करून आलेली असतात.

सर्व्होची काळी किंवा तपकिरी, म्हणजे ऋण, तार स्विचने कधीही तोडू नये; सिग्नलचा परतीचा मार्गही तोच असल्यामुळे सर्व्हो झटके देतो. फक्त सिग्नलची तार तोडणे हाही इंटरलॉक नव्हे, कारण साधा सर्व्हो त्यामुळे ढिला पडतो, तर बरेच डिजिटल सर्व्हो शेवटच्या जागी अडून बसतात. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड मी उडवू देत नाही; सोल्डरचा डाग द्यावा आणि गरम केल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह चढवावी.

पोटात मिटणाऱ्या चाकांच्या दरवाजांवर मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारा छोटा स्विच) लावणाऱ्यांनी चाके वर घेण्याची परवानगी नेहमी स्विच दाबल्यावर जुळणाऱ्या सर्किटमधून घ्यावी. दरवाजा पूर्ण उघडून स्विच दाबला गेला तरच चाके वर जावीत, म्हणजे तार तुटली तर ती खालीच राहतील. चाके खाली सोडताना मात्र या स्विचवर विसंबू नये, तेथे दरवाजा उघडण्याच्या आदेशानंतर दोन सेकंदांचा विलंब पुरतो. दरवाजा मोडला तर संध्याकाळी चिकटवता येतो, पण चाके न आल्यास विमान पोटावर उतरते. हा स्विच ग्लू गनने चिकटवण्याची घाई तर अजिबात करू नये. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या माझ्या मॉडेलमधला ग्लू मऊ पडून स्विच जागचा सरकला होता; तेव्हापासून मी दोन बारीक स्क्रूच लावतो.

मोटरच्या बाजूची एक चूक माझ्या मित्राच्या बोटांवर आली. ट्रान्समीटरवरच्या (हातातल्या रिमोटवरच्या) थ्रॉटल कटच्या, म्हणजे मोटर बंद करणाऱ्या, बटणालाच तो इंटरलॉक समजत असे. घरी टेबलावर मॉडेल चालू असताना त्याने ट्रान्समीटर आधी बंद केला आणि प्रोपेलर पूर्ण वेगाने फिरला. काही रिसीव्हर बाइंड करताना, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडी जुळवताना, स्टिक जेथे असेल तीच जागा फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर घ्यायची जागा, म्हणून लक्षात ठेवतात, आणि त्याने बाइंड करताना थ्रॉटल वर राहिला होता. दोन बोटांना टाके पडले. बटण बंद असले तरी ट्रान्समीटरच बंद झाल्यावर त्या बटणाचा आदेश पोहोचणार कसा? म्हणून मोटरच्या बॅटरीच्या लाल तारेत, हात प्रोपेलरच्या मागेच राहील अशा ठिकाणी, बाहेरून उपसता येणारा आर्मिंग प्लग असावा, आणि तो मैदानावर विमान जमिनीवर टेकवल्यानंतरच खोचावा.

नव्या वायरिंगनंतर मी प्रोपेलर काढतो, ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का ते पाहतो, आणि मग इंटरलॉकची प्रत्येक तार एकेक करून उपसत जातो. तार उपसल्यावर काय व्हायला हवे ते आधी कागदावर लिहितो आणि प्रत्यक्षात तसेच झाले तरच त्यापुढे खूण करतो. याला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ नसेल त्या रविवारी ते मॉडेल मी घरीच ठेवतो.