दृढीकरणाआधी प्रत्येक मुलाला एक मेंटर द्या

दृढीकरण (कन्फर्मेशन) म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलाने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी. त्याआधीचा वर्ग आपल्या बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, होतो. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार पाठ होतो, बिशप मस्तकावर हात ठेवतात, फोटो निघतात. नंतर काही महिन्यांतच त्यातली बरीच मुलं उपासनेला दिसेनाशी होतात, कारण मंडळीत आईबाबांपलीकडे त्यांची विचारपूस करणारं कुणी नसतं. वर्गाच्या जोडीला मेंटर, म्हणजे मुलाला नियमित भेटणारं मंडळीतलं मोठं माणूस, हवा तो यासाठी.

नववीचं वर्ष धरा. दहावीत क्लास रविवारची सकाळही खातात. जूनपासून पंधरवड्याला एक म्हटलं तर नोव्हेंबरअखेर १२ भेटी होतात. बिशपांची तारीख जूनमध्येच मागून ठेवा.

एका मेंटरकडे दोनच मुलं. मुलींना बाई, मुलांना पुरुष. मेंटर स्वतः दृढीकरण झालेला असावा. क्लासचे सर नकोत. मार्कांचा विषय निघाला की बाकीचं बोलणं संपतं. मुंबईत लोकलची लाइनही बघावी लागते. भायखळ्याच्या चर्चला येणारा मुलगा डोंबिवलीचा असेल तर मेंटरही त्याच बाजूचा शोधा, म्हणजे मेगाब्लॉकच्या रविवारी भेट जवळच्या बागेत होते. कमिटीतल्या मानाच्या माणसांना मुलं वाटून देऊ नका. मुलालाच विचारा, मंडळीत कुणाशी बोलायला आवडतं? कॅथलिक पॅरिशमध्ये धर्मपिता किंवा धर्ममाता साधारणपणे १६ वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली आणि आईवडिलांहून वेगळी व्यक्ती लागते. तैलाभ्यंगाच्या, म्हणजे कपाळावर पवित्र तेल लावण्याच्या, वेळी मुलाच्या खांद्यावर उजवा हात तिचाच असतो, तेव्हा मेंटर तीच झाली तर फार चांगलं.

भेटी चर्चच्या व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून हॉलमध्ये, चारचौघांना दिसेल अशा. वेळ पालकांना आणि पाळकांना माहीत हवी. रात्री उशिरा खासगी चॅट नको. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मेंटरने कधीही देऊ नये: लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलांनाही देऊन ठेवा.

भेट ४५ मिनिटांची. पहिल्या भेटीला बायबलमधलं लूक २:४१ ते ५२ घ्या, बारा वर्षांचा येशू मंदिरात. ‘घरच्यांना तुझं काय कळत नाही?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. मिनिटभर शांतता झाली तरी उपदेशाने भरू नका.

दोन-तीन भेटींनंतर हातात काम द्या. सगळ्यात उपयोगी काम शास्त्रपाठाचं, म्हणजे उपासनेत बायबलमधला उतारा मोठ्याने वाचण्याचं. आपली बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, पण ‘नीतिमत्त्व’, ‘अभिषिक्त’ आले की अडखळतात. बाकांवर कुणी हसलं की ते मूल पुन्हा पुढे येत नाही. म्हणून दहाच वचनं निवडा. मोठ्या अक्षरात, ओळींत अंतर सोडून कागदावर छापा. अवघड जोडाक्षरांखाली पेन्सिलीने रेघ मारून ती तोडून म्हणून घ्या: नी-ति-मत्-त्व. बुधवारी मुलाने स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐकावा. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये पंखे आणि माइक चालू ठेवून दोनदा वाचन. माइक तोंडापासून वीतभर लांब, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. मेंटरने शेवटच्या बाकावर बसायचं आणि ऐकू आलं नाही की नुसता हात वर करायचा. रविवारी त्याच बाकावर बसायचं. पुलपिटवरून नजर उचलली की मुलाला ओळखीचा चेहरा दिसतो.

विधीत आपल्या मनाने भर घालू नका, त्याची उपासनापद्धती ठरलेली आहे. घरचा आशीर्वाद आदल्या संध्याकाळी ठेवा: आई, बाबा आणि मेंटर यांची हाताने लिहिलेली एकेक पान चिठ्ठी. तीत मुलात दिसलेला एक गुण, तो कुठल्या प्रसंगात दिसला ते, आणि एक प्रार्थना असावी. भावंडांशी तुलना नसावी. मग प्रत्येकाने डोक्यावर हात ठेवून ती मोठ्याने वाचायची. बाबा नसतील तर आजोबा किंवा मामा, नाहीतर आई एकटी पुरेशी आहे. कोट, पांढरा ड्रेस, हॉल, केटरर यांत महिनाभर घर गुंतलं तर ही संध्याकाळ हमखास राहून जाते, म्हणून आधी तिची वेळ ठरवा.

दृढीकरणानंतरच्या चार रविवारांच्या आत मुलाचं नाव कामाच्या यादीत लागलंच पाहिजे: शास्त्रपाठ, अर्पणाची थैली, साउंड, संडे स्कूलची धाकटी मुलं. मेंटरने पुढचं वर्षभर महिन्यातून एकदा भेटावं, आणि बोर्डाच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी फोनवर त्याच्यासाठी प्रार्थना करावी.