स्कॅनर लॅपटॉपला जोडला, तरी गाडीशी बोलत नाही: दोष नेमका शोधायचा कसा

‘कनेक्शन फेल्ड’ असा संदेश आला की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. तासभर जातो आणि तोच संदेश परत येतो. कारण एकच संदेश तीन वेगळ्या जागच्या बिघाडांसाठी येतो: लॅपटॉप ते अडॅप्टर (गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचं स्कॅनरचं यंत्र), अडॅप्टरला गाडीकडून मिळणारी वीज, आणि अडॅप्टर ते गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक). हे तीन टप्पे एकेक करून तपासावेत. एका टप्प्याची खात्री होईपर्यंत पुढच्याला हात लावू नये.

खालची माहिती ईएलएम३२७ (गाडीची भाषा लॅपटॉपला समजावणारी चिप) जातीच्या अडॅप्टरला आणि विंडोजच्या लॅपटॉपला धरून आहे. इतर अडॅप्टरांना क्रम हाच लागू पडतो, आज्ञा तेवढ्या वेगळ्या असतात.

लॅपटॉप आणि अडॅप्टर

यूएसबी अडॅप्टर लावा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ आणि (ड्रायव्हर नसेल तर) ‘अदर डिव्हाइसेस’ हे विभाग उघडा. केबल काढली की नोंद जाते आणि लावली की येते, असं झालं तर लॅपटॉपला अडॅप्टर दिसतो आहे. काहीच हललं नाही तर केबल बदला. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या वायरी नसतातच. यूएसबी हब आणि एक्स्टेंशन काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा.

नोंद दिसते पण तिच्यावर पिवळं चिन्ह आहे, तर प्रश्न ड्रायव्हरचा. नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड बघा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. अशा वेळी ‘डिटेल्स’मध्ये हार्डवेअर आयडी वाचून आत कोणती चिप आहे ते ओळखा (एफटी२३२, सीएच३४०, सीपी२१०२ किंवा पीएल२३०३ यांपैकी एखादी असते) आणि त्या चिपच्या उत्पादकाचा ड्रायव्हर घ्या. अडॅप्टरसोबत आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर अनेकदा जुनाट असतो. पीएल२३०३ चिपवर कोड १० आला तर ती चिप जुन्या पिढीची किंवा नकली असण्याची शक्यता मोठी, कारण नवे ड्रायव्हर अशा चिप मुद्दाम नाकारतात. जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर ‘संगणकावरील यादीतून निवडा’ या पर्यायाने टाकला की काम चालतं. पण विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर परत बसवला की दोषही परत येतो.

आता कॉम पोर्टचा, म्हणजे विंडोजने अडॅप्टरला दिलेल्या सिरियल पोर्टचा, क्रमांक पाहा. जुनी सॉफ्टवेअर कॉम ९ च्या पुढचे, काही तर कॉम ४ च्या पुढचे पोर्ट ओळखतच नाहीत. पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये क्रमांक खाली आणा. छोटे क्रमांक ‘वापरात’ दिसले तर ‘शो हिडन डिव्हाइसेस’ चालू करून जुन्या, बंद पडलेल्या नोंदी काढून टाका. एफटी२३२ असेल तर त्याच पानावर ‘लेटन्सी टायमर’ १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ किंवा २ करा. के-लाइनच्या (ईसीयूशी एका वायरीवरून बोलण्याची जुनी पद्धत) जुन्या गाड्यांत जोडणी होऊन मध्येच तुटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

ब्लूटूथच्या अडॅप्टरला पेअरिंगचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००. पेअर झाल्यावर विंडोज अनेकदा दोन कॉम पोर्ट बनवतं, एक ‘आउटगोइंग’ आणि एक ‘इनकमिंग’. सॉफ्टवेअरमध्ये आउटगोइंगच द्यायचा. इनकमिंग दिला तर ते नुसतं वाट बघत बसतं. हाच अडॅप्टर आधी मोबाइलला जोडलेला असेल तर मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, कारण एका वेळी एकच जोडणी चालते. ब्लूटूथ लो एनर्जीवरच्या अडॅप्टरला विंडोजमध्ये कॉम पोर्ट मिळत नाही. सॉफ्टवेअरला ती पद्धत येत नसेल तर तो अडॅप्टर त्या कामाचा नाही.

वायफाय अडॅप्टरचा पत्ता सहसा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५०००. त्याच्या नेटवर्कवर इंटरनेट नसल्यामुळे लॅपटॉप मध्येच नेहमीच्या वायफायवर उडी मारतो. त्या नेटवर्कची आपोआप जोडणी तेवढा वेळ बंद ठेवा, व्हीपीएनही बंद करा.

वीज

गाडीतल्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये पिन १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात. पिन ४ आणि ५ अर्थच्या. म्हणून बहुतेक अडॅप्टरचा दिवा चावी न फिरवताही लागायला हवा. लागला नाही तर मल्टीमीटरने १६ आणि ४ मध्ये, मग १६ आणि ५ मध्ये व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे शून्य असेल तर फ्यूज गेला समजा. बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटसोबत सामाईक असतो, त्यामुळे तिथला चार्जर चालतो का हे आधी बघितलं तर उलगडा लवकर होतो.

मोजताना मल्टीमीटरची जाड सुई पिनच्या भोकात दाबू नका. आतली पत्री फाकते आणि मग अडॅप्टर हलला की जोडणी तुटते. बारीक सुई वापरा, किंवा सॉकेटच्या मागच्या बाजूने वायरीजवळ मोजा.

इथे फसगत होते ती यूएसबीमुळे. यूएसबी अडॅप्टरला लॅपटॉपकडूनही वीज मिळते, म्हणून गाडीकडून काहीच येत नसतानाही दिवा लागतो आणि कॉम पोर्ट दिसतो.

अडॅप्टरशी थेट बोला

निदानाचं सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर पोर्ट अडकलेला राहून ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल. पुटीसारखा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून सिरियल, तुमचा कॉम पोर्ट, वेग ३८४००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही, असं भरा. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

‘एटीझेड’ टाइप करून एंटर दाबा. अडॅप्टरने स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगितली, तर पहिला टप्पा निर्विवाद ठीक आहे. विचित्र अक्षरं आली तर वेग चुकला आहे: ११५२०० किंवा ९६०० करून पाहा. उत्तरात आवृत्ती १.५ दिसली तर अडॅप्टर नक्कल आहे, कारण मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नाही. नक्कल म्हणजे निकामी असं नाही, पण काही आज्ञांना ती नुसतं प्रश्नचिन्ह देते आणि चांगलं सॉफ्टवेअर तिथे अडतं.

मग ‘एटीआरव्ही’. हा आकडा पिन १६ वरच्या व्होल्टेजचा. इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.६ यायला हवेत. शून्याजवळ आला तर वरच्या फ्यूजकडे परत जा. स्वस्त अडॅप्टरमध्ये हा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, त्याची काळजी नको.

आता इग्निशन चालू करा. ॲक्सेसरीवर नव्हे, डॅशबोर्डचे इशारे-दिवे लागेपर्यंत. बटणाच्या गाडीत सहसा ब्रेक न दाबता बटण दाबायचं. ‘एटीएसपी०’ देऊन प्रोटोकॉल (गाडीशी बोलण्याची भाषा) आपोआप निवडायला सांगा, मग ‘०१००’. ‘४१ ००’ ने सुरू होणारं उत्तर आलं तर गाडी बोलते आहे. दोष फक्त निदानाच्या सॉफ्टवेअरमधल्या पोर्ट, वेग किंवा गाडीच्या निवडीत आहे. या एका चाचणीने सगळ्यात जास्त वेळ वाचतो.

‘नो डेटा’ आलं तर ईसीयूने वेळेत उत्तर दिलेलं नाही; आधी इग्निशन तपासा. ‘अनएबल टू कनेक्ट’ म्हणजे एकही प्रोटोकॉल जुळला नाही. ‘बस इनिट एरर’ हा के-लाइनच्या, म्हणजे पिन ७ च्या गाड्यांचा दोष. त्यांच्यासाठी ‘एटीएसपी३’, ‘एटीएसपी४’, ‘एटीएसपी५’ एकेक करून द्या आणि प्रत्येक वेळी ‘०१००’ देऊन काही सेकंद थांबा, कारण जुनी सुरुवातीची पद्धत मुळातच संथ आहे. ‘कॅन एरर’ (कॅन म्हणजे नव्या गाड्यांतली दोन वायरींवरून बोलण्याची पद्धत) आला तर ‘एटीएसपी६’ देऊन बघा आणि तरीही तोच आला तर वायरिंगकडे वळा.

कॅनच्या वायरी पिन ६ आणि १४ वर येतात. इग्निशन बंद करा, अडॅप्टर काढा, गाडीचे मॉड्यूल झोपी जाईपर्यंत काही मिनिटं थांबा आणि या दोन पिनांमध्ये रोध मोजा. दोन टोकांना १२० ओमचे दोन रोधक समांतर असल्यामुळे ६० ओमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सॉकेट गेटवे मॉड्यूलच्या (सॉकेट आणि आतल्या वायरींमधला मध्यस्थ) मागे असलेल्या नव्या गाड्यांत हा आकडा वेगळा येऊ शकतो, तेव्हा त्या गाडीचा वायरिंग नकाशा पाहूनच निष्कर्ष काढा. आणि १६ पिनांचं सॉकेट आहे म्हणून गाडी ओबीडी-२ ची (निदानाच्या सामाईक प्रमाणित पद्धतीची) आहेच असंही नाही. अमेरिकेत हे १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही गाड्यांत सॉकेट तेच, पण भाषा कंपनीची स्वतःची असते.

जोडणी होते पण काही मिनिटांनी तुटते, अशी तक्रार असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमधली वीज वाचवण्याची खूण काढा. नुसते कोड वाचायला ब्लूटूथ पुरतं. ईसीयूमध्ये काही लिहायचं असेल तर मात्र यूएसबीच वापरा आणि बॅटरीला चार्जर लावा. लिहिताना जोडणी तुटली तर ईसीयू निकामी होऊ शकतो. काम झालं की अडॅप्टर सॉकेटमधून काढा. पिन १६ कायम चालू असल्यामुळे तो उभ्या गाडीची बॅटरी थोडीथोडी पीत राहतो.