या चुका टाळा: ज्वालामुखीच्या परिसरात राहताना आणि फिरताना

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ज्वालामुखी म्हटलं की आधी लाव्हा आठवतो. साहजिकच आहे. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हाच. पण तो पातळ होता. भेगांतून वर आला आणि मैलोन् मैल पसरला. जावा, फिलिपिन्स, जपान, अँडीज इथले बहुतेक घातक ज्वालामुखी त्या जातीचे नाहीत. त्यांच्या पोटातला शिलारस घट्ट, चिकट आणि वाफेने भरलेला असतो. पातळ कढीला उकळी आली तर बुडबुडे निमूट फुटतात, पण घट्ट पिठलं रटरटायला लागलं की शिंतोडे हातावर येतात. घट्ट शिलारसातल्या वायूला सुटायला वाट मिळत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी त्या शिलारसाचाच भुगा होऊन तो कित्येक किलोमीटर आकाशात उडतो.

आता मराठी कुटुंबं बालीला जातात, पहाटे उठून बातूर चढतात, जावात ब्रोमो पाहतात. जपान-न्यूझीलंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारेही आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजवर अशा डोंगरांच्या आसपास माणसं ज्या चुकांमुळे गेली, त्यातल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या होत्या.

लाव्हा दिसेपर्यंत थांबणं

लाव्हा सहसा इतक्या सावकाश येतो की माणूस चालत बाजूला होऊ शकतो. त्याने घर जातं, शेत जातं, जीव क्वचित जातो. जीव घेतो तो राख, दगड आणि तापलेल्या वायूचा उतारावरून सुटलेला लोंढा. त्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे, तापमान शेकडो अंश. 8 मे 1902 रोजी सकाळी आठच्या सुमारास मार्टिनिक बेटावरच्या माउंट पेलेतून असा लोंढा सुटला आणि काही मिनिटांत सें-पिएर हे बंदराचं शहर संपलं. सुमारे 28,000 माणसं गेली, वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला एकजण तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीत होता. त्याआधी कित्येक दिवस राख पडत होती. तीनच दिवस आधी चिखलाच्या लोंढ्याने जवळचा साखर कारखाना गाडला होता. तरीही लोक शहर सोडून जाण्याऐवजी आसपासच्या खेड्यांतून आसऱ्याला शहरात येत होते.

3 जून 2018 रोजी ग्वाटेमालात फ्युएगो ज्वालामुखीचा राखेचा ढग डोंगरावरून उतरताना लोक पुलावर उभे राहून मोबाइलने चित्रण करत होते. लांबून तो ढग संथ वाटतो. सान मिगेल लोस लोतेस हे गाव त्याच लोंढ्याखाली गेलं. असा ढग खाली येताना दिसला तर बघायला, फोटो काढायला थांबू नका. दिसायच्या आधीच तिथून गेलेलं असणं हाच खरा उपाय.

‘आपण लांब आहोत’

माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, आणि ती कशी घडते हे कोलंबियातल्या आर्मेरोइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

आर्मेरो हे कापूस आणि भात पिकवणारं, सुमारे 29,000 वस्तीचं गाव. नेवादो देल रुइस हे बर्फाच्छादित शिखर तिथून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. 1845 मध्ये याच जागी डोंगरातून चिखल येऊन सुमारे हजार लोक गेले होते, आणि त्याच गाळावर पुढे हे गाव वसलं. ऑक्टोबर 1985 मध्ये धोक्याचा नकाशा तयार झाला. त्यात आर्मेरो लोंढ्याच्या वाटेत दाखवलेलं होतं.

13 नोव्हेंबरला दुपारी गावावर राख पडू लागली. घाबरू नका, घरात थांबा, असं रेडिओवरून सांगितलं गेलं. संध्याकाळी गाव हलवायच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात राख थांबली आणि ते सगळं बारगळलं. रात्री नऊच्या सुमारास मुख्य स्फोट झाला. वर वादळी ढग होते, शिखर कुणाला दिसलं नाही. तापलेल्या राखेने बर्फ वितळवला, ते पाणी नदीच्या घळीत शिरलं आणि वाटेतली माती, दगड, झाडं ओढत फुगत निघालं. ओल्या काँक्रीटसारखा तो लोंढा साडेअकराच्या सुमारास आर्मेरोत पोचला. तोवर बरेचजण झोपले होते. गावातली 20,000 हून जास्त माणसं गेली.

स्फोट झाल्यापासून लोंढा पोचेपर्यंत अडीच तास होते, आणि जवळची उंच जागा चालत जाण्याच्या अंतरावर होती. स्फोट तर मोठ्या उद्रेकांच्या मानाने लहानच होता. हे वाचून अजूनही चीड येते.

म्हणून ज्वालामुखीच्या मुलखात मुक्काम ठरवताना डोंगर किती किलोमीटर लांब आहे हे विचारून भागत नाही. समोरच्या नदीचा उगम त्या डोंगरावर आहे का, हे विचारा. असेल तर नदीकाठचं स्वस्त, सुंदर होमस्टे सोडा. खोऱ्याकडून गडगडाट ऐकू आला किंवा नदीचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर नदीच्या दिशेने खाली पळू नका आणि पूल ओलांडू नका. काठाला पाठ करून आडव्या दिशेने उंचावर चढा.

शांतता म्हणजे शेवट असं समजणं

राख थांबली म्हणून आर्मेरो झोपलं. पेलेने 30 ऑगस्ट 1902 ला पुन्हा उद्रेक करून आणखी सुमारे हजार बळी घेतले. फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा मोठा उद्रेक 15 जून 1991 चा, पण उतारावर साचलेली राख पुढे कित्येक वर्षं प्रत्येक पावसाळ्यात चिखल होऊन खाली येत राहिली. बाकोलोर हे गाव 1995 मध्ये गाडलं गेलं. तिथलं जुनं चर्च निम्म्या उंचीपर्यंत गाळात आहे. जिथे पूर्वी खिडक्या होत्या तिथून आज लोक आत जातात.

राखेला चुलीतली राख समजणं

ही राख म्हणजे दगड आणि काचेचा बारीक चुरा. पाण्यात विरघळत नाही, ओली झाली की जड होते. दहा सेंटीमीटर ओल्या राखेचं वजन छपराच्या दर चौरस मीटरवर 100 ते 200 किलो भरू शकतं. पिनातुबोच्या मोठ्या उद्रेकाच्या दिवशीच तिथून चक्रीवादळही गेलं. राख पावसाने भिजली आणि छपरं कोसळली. सुरुवातीचे बहुतेक बळी असेच गेले. सपाट छप्पर असेल तर राख थोडी थोडी असतानाच झाडा, आणि छपरावर चढायचं तर कुणीतरी खाली उभं असू दे.

साधा रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लावा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा घाला. गाडीच्या काचेवर राख असताना वायपर चालवलात तर काच ओरखड्यांनी भरते. आधी भरपूर पाण्याने धुवा. राख गटारात लोटू नका, ती तिथे घट्ट बसून गटार तुंबतं. पाण्याच्या टाकीचं झाकण पहिल्या तासातच बंद करा.

ही राख किती लांब जाते, याचा पुरावा आपल्याकडेही आहे. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची असावी असं बहुतेक संशोधक मानतात.

गुरांसाठी परत जाणं

हिला चूक म्हणताना जीभ अडखळते. 2010 मध्ये जावातल्या मेरापीच्या उद्रेकात साडेतीनशेच्या वर माणसं गेली. छावणीत आलेले शेतकरी दिवसा वैरणपाण्यासाठी परत वर जात होते. ज्याची गोठ्यातली गाय हीच सगळी पुंजी, त्याला ‘जाऊ नको’ एवढं सांगून भागत नाही हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला कळेल. त्यामुळे चूक असलीच तर जनावरांची सोय न करता गाव हलवणाऱ्या यंत्रणेची आहे. सरकारने गुरं विकत घेण्याची घोषणा केली तीही पहिले बळी गेल्यावर. धोक्याचं वर्तुळही आधी 10 किलोमीटर होतं, मग 15 आणि शेवटी 20 झालं. कालची सुरक्षित छावणी आज आत आली.

‘मागच्या वेळी उगाच पळवलं’

काही झालं नाही म्हणून शास्त्रज्ञांवर चिडणारी गावं पुढच्या इशाऱ्याला हलत नाहीत. पिनातुबो सुमारे 500 वर्षं गप्प होता, त्यामुळे तिथे लोकांना हा ज्वालामुखी आहे हेच पटवावं लागलं. मोरिस आणि कातिया क्राफ्ट या ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याने टिपलेली उद्रेकांची दृश्यं अधिकाऱ्यांना, लोकांना दाखवली गेली. हजारो लोक वेळेत हलले. किमान 5,000 जीव वाचले असा अंदाज आहे. क्राफ्ट दांपत्य मात्र 3 जूनला, पिनातुबोच्या मोठ्या स्फोटाच्या बारा दिवस आधी, जपानमधल्या उनझेनवर तशाच लोंढ्यात गेलं.

तिकीट मिळालं म्हणजे सुरक्षित आहे असं धरून चालणं

न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर धोक्याची पातळी वाढवून तीन आठवडे झाले होते, तरी सहली चालू होत्या. 9 डिसेंबर 2019 च्या स्फोटात 22 जण गेले. सुमात्रातल्या मारापीवर (हा जावातल्या मेरापीहून वेगळा) डिसेंबर 2023 मध्ये वीसहून जास्त गिर्यारोहक गेले. शिखरापासून 3 किलोमीटरच्या आत जाऊ नये, असा इशारा तेव्हा लागू होता. जपानमधल्या ओंताकेवर तर 27 सप्टेंबर 2014 ला पातळी सर्वांत खालची होती. शनिवारची दुपार, शिखरावर गर्दी, आणि उडालेल्या दगडांनी व राखेने 63 माणसं घेतली.

एजंटला विचारून थांबू नका. इंडोनेशियात चार पातळ्या, जपानमध्ये पाच, फिलिपिन्समध्ये शून्य ते पाच. त्या त्या देशाच्या ज्वालामुखी खात्याच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची पातळी आणि बंदी असलेलं अंतर निघायच्या आधी स्वतः पाहा. चढताना हेल्मेट घ्या. वाटेतल्या पक्क्या आसऱ्याच्या जागा आधीच हेरून ठेवा. ओंताकेवर ज्यांना जवळच्या डोंगरी झोपडीत शिरता आलं, त्यातले बरेचजण वाचले.