फ्रेडीचा लाइव्ह एडवाला किस्सा कोणी चुकीचा सांगत असेल तर काय करायचं

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचा विषय निघाला की कोणीतरी हे सांगतंच, की क्वीन फुटला होता, मग फ्रेडीला एड्सचं कळलं, त्याने रिहर्सलला बाकीच्यांना सांगितलं आणि सगळे गळ्यात पडून लाइव्ह एड (दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीची मोठी कॉन्सर्ट) गाजवायला निघाले. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमात तसंच दाखवलंय त्यामुळे सांगणाऱ्याचा दोष नाही, मलाही थिएटरात रडू आलेलं.

पहिली गोष्ट, चारचौघांत तोडू नका. मी मावसभावाला भर पंगतीत "साफ खोटं आहे हे" म्हटलं, तो वरणभात कालवता कालवता गप्प झाला आणि नंतर फ्रेडीचं नावच काढेना, मला अजून वाईट वाटतं त्याचं. पूर्ण ऐकून घ्या, मग बाजूला बसून तारखांवर या.

लाइव्ह एड झालं १३ जुलै १९८५ ला. आणि फ्रेडीचा जोडीदार जिम हटन याच्या सांगण्याप्रमाणे आजाराचं निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी. एवढं एकच सांगितलं तरी बहुतेक जण "अरे हो की" म्हणतात.

बँड फुटल्याचं पण तसंच. १९८४ ला 'द वर्क्स' अल्बम आला, जानेवारी ८५ ला रिओत वाजवलं, मे महिन्यात जपानचा दौरा संपवला, हे लोक सुटलेच कुठे होते एकमेकांपासून? सोलो अल्बमवरून भांडण झालं म्हणतात तर क्वीनचा ड्रमर रॉजर टेलरचा सोलो अल्बम १९८१ लाच आला होता, फ्रेडीच्या चार वर्षं आधी.

(पाचगणीला जन्मला असंही कोणी म्हणेल. जन्म झांझिबारचा, पाचगणीला शाळेत होता.)

पण नुसतं खोडून थांबू नका, खरं काय ते पण सांगा कारण ते जास्त आत लागतं. लाइव्ह एडच्या दिवशी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर तो कोणाचा निरोप घेत नव्हता, ३८ वर्षांचा माणूस होता आणि मजेत गात होता. आजाराचं त्याने जगाला सांगितलं २३ नोव्हेंबर १९९१ ला आणि दुसऱ्याच दिवशी गेला.

मग व्हिडिओ लावा. पियानोवर पेप्सीचे कागदी ग्लास ठेवलेत ते दाखवा, सिनेमावाल्यांनी ते अगदी बरोब्बर उचललंय हे पण मोकळेपणाने सांगा, आणि 'रेडिओ गागा' गाण्याला सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायला लागलं की मध्ये बोलू नका, त्याला बघू द्या.